मदत हवी आहे: नाव नुसतं बोट दाखवतं, की अर्थही सांगतं?

नमस्कार मंडळी. सांगलीत तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय, विशेषनामांपाशी अडकलेय.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल म्हणतो, नावाला वस्तूपलीकडे अर्थ नसतो. डार्टमथ हे इंग्लंडमधलं गाव, नावाचा अर्थ 'डार्ट नदीचं मुख'; पण नदीचं मुख दूर सरकलं तरी डार्टमथ डार्टमथच राहील. पटतं. सांगली 'सहा गल्ल्यां'वरून आलं म्हणतात, पण आज गल्ल्या कोण मोजतं? परवा रिक्षात शेजारच्या आजी म्हणाल्या, "आयर्विन पुलापाशी सोड रे बाळा." आयर्विन व्हाइसरॉय होता हे त्यांना ठाऊक नव्हतं, मी विचारलं. रिक्षा मात्र बरोबर पुलापाशीच थांबली. तत्त्वज्ञ सॉल क्रिपके सांगतो ती साखळी, नाव एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारी, अगदी डोळ्यांसमोर दिसली!

पण जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगेचं १८९२चं कोडं सुटत नाही. हेस्परस म्हणजे संध्याकाळी दिसणारा तारा, फॉस्फरस पहाटेचा, दोन्ही शुक्रच. मग 'हेस्परस म्हणजे हेस्परस' यात काहीच कळत नाही आणि 'हेस्परस म्हणजे फॉस्फरस' यात नवं कळतं, ते कसं? क्रिपके म्हणतो, हे दुसरं विधान अनिवार्यपणे खरं, म्हणजे खोटं असूच शकत नाही, तरी निरीक्षणानंच कळतं. मान्य. पण दोन वाक्यांच्या आशयात फरक काय, हे त्यातून मला उमगत नाही.

फ्रेगेचा 'अर्थ' (म्हणजे नावातून वस्तू ज्या रीतीनं आपल्यासमोर येते ती रीत) न स्वीकारता याचं उत्तर देता येतं का? कुणी मराठीत, उदाहरण घेऊन समजावेल का? सातारा-सांगलीकडचं कुणी असेल तर प्रत्यक्ष भेटायलाही येईन.