मदत हवी आहे: कॉलिन काउंटीतलं घर, टॅक्स आणि यूएस ३८० हायवेचा बायपास

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीतल्या मॅकिनीत नवं घर बघतोय. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून खुशीत होतो. ती कसर प्रॉपर्टी टॅक्स भरून काढतो हे आता कळतंय. बिल्डरने दाखवलेलं टॅक्सचं बिल अगदीच किरकोळ. नीट पाहिलं तर नुसत्या जमिनीचं! टॅक्सची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते आणि तेव्हा प्लॉट मोकळा होता. म्हणजे पुढच्या वर्षी एस्क्रो (कर्जाच्या हप्त्यासोबत टॅक्स-विम्यासाठी भरायची रक्कम) फुगणार.

होमस्टेडमुळे (स्वतःच्या राहत्या घराची सवलत) शाळेच्या टॅक्सला १,४०,००० डॉलरची सूट, करपात्र किंमतही वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच वाढते. ठीक. पण पीआयडीचा (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे वस्तीतल्या सार्वजनिक सोयींसाठीची आकारणी) हप्ता वेगळाच लागतो ना?

खरी धास्ती हायवेची. यूएस ३८० च्या बायपासचा मार्ग २०२३ मध्ये मंजूर झालाय आणि आमचा प्लॉट त्याच्या जवळ. बायको म्हणते, रस्ता झाला की भाव वाढेल. मी म्हणतो, मग टॅक्सही वाढेल, वर ट्रकचा आवाज फुकट.

१५ मेच्या आत प्रोटेस्ट (टॅक्ससाठी ठरवलेल्या किमतीवर हरकत) कुणी स्वतः केलाय का? हायवेच्या आवाजाचं कारण चालतं का, की शेजारच्या विक्रीचे आकडेच लागतात? सही पुढच्या आठवड्यात आहे.