गोड शीतपेयांनी वजन वाढतं, की आपण उगाच बाटलीवर खापर फोडतोय?

वजनकाटा
काल एक उद्योग केला. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनवर साखर ३५ ग्रॅम असं छापलेलं होतं. तेवढी साखर काट्यावर मोजून घेतली, चहाचे जवळजवळ नऊ चमचे भरले. मग ती तेवढ्याच साध्या पाण्यात विरघळवून प्यायला बसलो. दुसऱ्या घोटालाच मळमळायला लागलं. कॅनमधून मात्र तीच साखर आपण पाच मिनिटांत गट्ट करतो, कारण आम्ल, गॅस आणि गारवा मिळून गोडी दाबून टाकतात.

माझं म्हणणं असं की साखर वाईटच, पण पातळ साखर जास्त लबाड. ती पोटात जाते आणि पोटाला पत्ताच नसतो. २००० साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता. १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या साखरेच्या गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं शीतपेय. गोळ्या खाताना लोकांनी बाकीचं जेवण आपोआप कमी केलं. पेय पिताना जेवण होतं तेवढंच राहिलं, आणि वजनही वाढलं ते याच काळात.

शंकेखोर
तुम्हाला मळमळलं, यावरून बाकी जगाचं वजन कसं ठरणार? आणि १५ माणसं म्हणजे एका लग्नाची पहिली पंगतसुद्धा नाही.

एका कॅनमध्ये साधारण १४० कॅलरी. रोज एक धरला तर वर्षाचे ५१,१०० होतात. 'एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी' हे नेहमीचं गणित लावलं की वर्षाला साडेसहा किलो! मग दहा वर्षं रोज एक कॅन पिणारे ६५ किलोनं फुगलेले दिसायला हवेत. दिसतात का? वजन वाढलं की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो, मग वाढ मंदावते आणि थांबते. हे कोणी सांगत नाही, भीतीचा आकडा तेवढा फिरवतात.

दुसरं, अमेरिकेतच बघा. तिथे २००० नंतर गोड शीतपेयांचा खप कमी होत गेला. प्रौढांमधला लठ्ठपणा मात्र १९९९-२००० मधल्या ३०.५ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ४२.४ टक्क्यांवर गेला. मग दोष कोणाचा?

वजनकाटा
साडेसहा किलोचं गणित मी मांडलंच नव्हतं, तुम्हीच मांडलंत आणि तुम्हीच खोडलंत. :)

एक कारण कमी झालं म्हणून दुसरी दहा कारणं गप्प बसत नाहीत. देशाच्या आकड्यांवरून काहीही सिद्ध करता येतं, म्हणून माणसांवर केलेला प्रयोग बघू. नेदरलँड्समध्ये ४ ते ११ वर्षांच्या ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलीचा डबा दिला. निम्म्यांना साखरेचं पेय, निम्म्यांना बिनसाखरेचं, आणि आपल्याला कुठलं मिळतंय हे मुलांना माहीत नाही. साखरेच्या गटाचं वजन ७.३७ किलोनं वाढलं, दुसऱ्याचं ६.३५ किलोनं. वाढत्या वयातली मुलं, त्यामुळे वजन दोघांचंही वाढणारच. वरचा एक किलो कुठून आला, ते सांगा.

उतारवय
मध्येच तोंड घालतो. रात्रपाळीला होतो तेव्हा मी रोज दोन कॅन प्यायचो. तहान म्हणून नव्हे, पहाटे तीन वाजता हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. बंद केल्यावर तीन महिन्यांत तीन किलो उतरले. पण त्याच महिन्यांत माझी पाळी बदलून दिवसाची झाली होती. त्यामुळे श्रेय कॅनला द्यावं की झोपेला, मला अजून कळलेलं नाही.

शंकेखोर
उतारवय, असा प्रामाणिक अनुभव क्वचित वाचायला मिळतो.

वजनकाटा, तो अभ्यास चांगला आहे, मान्य. पण सुमारे २६ टक्के मुलांनी मध्येच पेय पिणं सोडलं, हेही लिहायचं होतंत. आणि माझा मूळ मुद्दा शिल्लकच आहे. एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून साखरेच्या जागी दुसरी कर्बोदकं दिली, तर वजनात फरक पडत नाही, हे अनेक प्रयोग एकत्र करून दिसलेलं आहे. म्हणजे साखरेत काही जादूटोणा नाही.

वजनकाटा
'कॅलरी तेवढ्याच ठेवून', इथेच तर गोम आहे! प्रयोगशाळेत दुसरा माणूस मोजून ताट वाढतो. घरी कॅन प्यायल्यावर कोण ताटातलं १४० कॅलरींचं अन्न बाजूला काढून ठेवतं? तुमच्याच त्या एकत्रित अभ्यासात, लोकांना मोकळं सोडून साखर कमी करायला लावली तेव्हा वजन सरासरी ०.८ किलोनं उतरलं होतं.

पायवाट
दोघांनीही एक गोष्ट सोडलीत. 'व्यायाम करा, पेयाला कशाला दोष देता' हा सूर कुठून येतो ते बघा. २०१५ मध्ये उघड झालं की असंच सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाला कोका-कोलाचा पैसा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गट गुंडाळला गेला. १४० कॅलरी जाळायला साधारण अर्धा तास चालावं लागतं, प्यायला पाच मिनिटं.

आणि फळांचा रस पिऊन साळसूदपणे बसलेल्यांनीही हसू नये. जागतिक आरोग्य संघटना त्यातली साखरही याच खात्यात धरते.

शंकेखोर
मला कोणीही पैसे दिलेले नाहीत. दिले असते तर इथे फुकट टंकत बसलो असतो का? ०.८ किलोचा मुद्दा घेतो, तिथे मी घाई केली. पण 'पातळ साखर लबाड' हे अजूनही १५ माणसांवरच उभं आहे.

उतारवय
ते सगळं असो. वजनकाटा, त्या साखरेच्या पाण्याचं शेवटी काय केलंत?

वजनकाटा
बेसिनमध्ये ओतलं. सकाळी मुंग्यांची रांग.