समुद्रकाठच्या घराच्या हॉलला कोणता रंग द्यावा? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

विश्रामबागकर
मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. आम्ही सांगलीत राहतो, कोकणात वेळणेश्वरला घर बांधलंय. सोमवारी पेंटर येतोय. शुक्रवारी दुपारपर्यंत त्याला हॉलचा रंग सांगायचाय, नाहीतर तो चिपळूणचं काम धरणार. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मध्ये भिंत नाही. मला फिकट निळा किंवा समुद्री हिरवा हवाय. नवरा म्हणतो पांढराच दे. शेडकार्डात पांढऱ्याचेच सतरा प्रकार आहेत, बघून बघून डोळे दुखायला लागले. ज्यांची कोकणात घरं आहेत त्यांनी नेमका रंग सांगा. "तुमच्या आवडीचा द्या" हे उत्तर प्लीज नको.

घाटमाथा
हॉलचं तोंड कुठे? खिडक्या किती? फरशी कसली? हे कळल्याशिवाय सांगितलेला रंग म्हणजे अंदाजपंचे.

कृष्णाकाठ
ताई, रंगाचं नंतर, आधी भिंत वाळलीय का बघा. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. दिवाळीला घर नीट दिसावं म्हणून आम्ही घाईनं रंग काढला. संक्रांतीपर्यंत सोफ्यामागच्या भिंतीला पोपडे. नख लावलं की तळहाताएवढा पापुद्रा निघायचा आणि खाली पिठासारखी पांढरी भुकटी. शेवटी सगळं खरवडलं, उन्हाळाभर भिंत तशीच उघडी ठेवली, तेव्हा कुठं दुसरा रंग टिकला. तुमचं प्लास्टर कधीचं?

विश्रामबागकर
प्लास्टर मे महिन्यातलं. आता नोव्हेंबर, म्हणजे वाळलंच की. हॉल पश्चिमेला, २२ बाय १४, समोर मोठं सरकतं दार, सुरूच्या झाडांतून समुद्र दिसतो. स्वयंपाकघर उत्तरेला. फरशी कोट्याची. आता रंग सांगा.

दोन_हात
मी पंचवीस वर्षं रंगकाम करतोय. मे महिन्यातलं प्लास्टर म्हणजे अख्खा पावसाळा ते ओलच पीत बसलं. महिने मोजून भिंत वाळत नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतून थेंब दिसले तर रंग लावू नका. आणि वाळू कुठली वापरली? किनाऱ्याची न धुतलेली असेल तर त्यातलं मीठ हवेतली ओल ओढतच राहतं.

चुना_नीळ
कोकणात प्लास्टिक पेंट लावूच नये. चुना लावा, त्यात नीळ टाका. भिंत श्वास घेते, बुरशी धरत नाही. आमच्या वाईच्या वाड्यात आजही दर दसऱ्याला चुनाच लागतो.

दोन_हात
साहेब, चुना चांगलाच, पण पुट्टी झालेल्या भिंतीवर तो धरत नाही. आणि पाठ टेकली की शर्ट पांढरा. हॉलमध्ये रोज माणसं बसणार.

चुना_नीळ
पुट्टी करायचीच कशाला? गुळगुळीत भिंतीचा हट्ट सोडला तर निम्मा त्रास जातो. तुम्ही लोक डबे विकायला बघता.

दोन_हात
मी डबे विकत नाही, मी मजुरी घेतो. पोपडे निघाले तर शिव्या मलाच बसतात, म्हणून सांगतोय.

इस्लामपूरचा_पाहुणा
सांगलीहून आंबा घाटानं जाता का? गेल्या महिन्यात रत्नागिरीला गेलो, रस्ता बरा होता.

घाटमाथा
वेळणेश्वरला आंबा घाट कशाला? कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. सरळ आहे.

विश्रामबागकर
रस्ता मला माहीत आहे, दर महिन्याला जाते. कृपा करून रंगावर बोला.

गच्ची_गार
स्लॅबवर पत्र्याची शेड घालून घ्या, आतून दोन-तीन अंशांचा फरक पडतो. आमच्या कुपवाडच्या घरावर घातलीय.

घाटमाथा
ताई, हॉलच्या चारही भिंती प्लास्टरच्या आहेत का?

विश्रामबागकर
नाही, तीनच. दाराच्या उजवीकडची चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाची आहे, ती उघडीच ठेवलीय. चिरा आजोळच्या जुन्या घराचा. घर पडलं तेव्हा आईनं एकेक चिरा मोजून रचून ठेवला होता. तिचं माहेर तेच, जागाही तीच. खरं सांगायचं तर घर तिच्यासाठी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लखलखाट सोसत नाही, म्हणून मी पांढऱ्याला नाही म्हणतेय. नवऱ्याला हे पटवायला जमलं नाही.

घाटमाथा
अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! लाल चिऱ्याशेजारी निळा लावला की निळा जास्त निळा दिसतो आणि चिरा जास्त लाल, दोघं एकमेकांवर ओरडतात. त्यात पश्चिमेचं दार. चारनंतर तिरपं ऊन थेट आत येणार. शुभ्र पांढऱ्यावर ते डोळ्यात घुसेल, आणि केशरी उजेडात फिकट निळा मळकट राखाडी होतो. मी ताकासारखा पांढरा घेईन, किंचित मातकट झाक असलेला, आणि तोही बिनचमकीचा. तुमचा समुद्री हिरवा उत्तरेच्या स्वयंपाकघरात एका भिंतीला द्या. तिथं दिवसभर उजेड सारखा असतो, रंग बदलत नाही.
पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. छोटे नमुना डबे आणा, दोन बाय दोनच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि चिऱ्याला टेकवून सकाळी, दुपारी, मावळतीला बघा. दिवे कोणते लावणार तेही बघा. ३००० केल्विनचा पिवळसर आणि ६५०० चा पांढराफटक दिवा, यांच्याखाली एकच रंग दोन वेगळे दिसतात. सांगलीत बसून हे ठरत नाही.

कृष्णाकाठ
आणि ते प्लास्टिक विसरू नका.

विश्रामबागकर
रविवार रात्र. पेंटरला पुढचा महिना दिला, त्यानं चिपळूणचं काम धरलं. शनिवारी आईला घेऊन गेलो. प्लास्टिक तीन ठिकाणी चिकटवलं. स्वयंपाकघरात कोरडं, पण दाराच्या डावीकडे खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर आतून दव साठलं होतं. कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलं नसतंत तर उद्या तिथं पुट्टी बसली असती.
चार पुठ्ठे नेले होते. साडेपाचला ऊन आत आलं तेव्हा माझा निळा खरंच धुरकट झाला, बघवेना. शुभ्र पांढऱ्याकडे आईनं हात आडवा धरला. नवऱ्यानं ते बघितलं आणि तो पुठ्ठा स्वतःच बाहेर नेऊन ठेवला. ताकासारखा राहिला. स्वयंपाकघराचा हिरवा नक्की.
एकच राहिलं. चिऱ्यावरून हात फिरवला की लाल पावडर लागते, आईच्या पातळाला लागली. काय लावू?

दोन_हात
कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. मग पाण्यात मिसळणारा, चमक नसलेला दगडाचा सीलर लावा. वॉर्निश नको, चिरा ओला असल्यासारखा चकचकीत दिसतो. आधी दाराआडच्या एका चिऱ्यावर लावून बघा. डावीकडची ओल वाळेपर्यंत फर्निचर भिंतीपासून लांब ठेवा. आणि ताकाचे डबे सगळे एकदमच टिंट करून घ्या, मागाहून आणलेला डबा उन्नीस-बीस होतोच.

चुना_नीळ
ओलीच्या भागाला तरी चुना लावून बघा. पुट्टी अजून व्हायचीय ना?

विश्रामबागकर
हो, व्हायचीय. तेवढ्या पट्ट्याला लावून बघते. चुना कुठला आणू तेवढं सांगा.