हरण्याचा आकडा मोठा, तरीही समोर उभे राहायला भीती वाटावी असे बॉक्सर कोणते?

कोथरूडचा_जॅब

नमस्कार. गेली तीन वर्षे मी कॅम्पातल्या एका व्यायामशाळेत बॉक्सिंगचा सराव करतो आहे. गेल्या महिन्यात तिथे सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी तीन फेऱ्यांचे स्पारिंग (सरावाची लढत) झाले. हौशी कारकिर्दीत आपण जिंकलेल्या लढतींपेक्षा हरलेल्या लढती जास्त आहेत, असे ते स्वतःच हसत हसत सांगतात. मात्र माझा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) जाऊन हात हनुवटीपाशी परत येईपर्यंत त्यांचा उजवा ठोसा तिथे आधीच पोहोचलेला असे. ते फार वेगवान नव्हते. जॅबच्या आधी माझा खांदा किंचित वर जातो, हे त्यांनी पहिल्याच मिनिटात हेरले होते. तिसऱ्या फेरीत मी जॅब मारणेच सोडून दिले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. ज्यांचे रेकॉर्ड पाहून कोणीही नाक मुरडावे, पण ज्यांच्यासमोर भलेभले गांगरले, असे व्यावसायिक बॉक्सर कोणते? १९९० साली टोकियोत माइक टायसनला हरवणारा बस्टर डग्लस सर्वांना ठाऊक आहे आणि त्या वेळी त्याचे पराभवही चारच होते, त्यामुळे कृपया त्याच्या पलीकडची नावे सुचवावीत.

फेरी_नववी

आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर इमॅन्युएल ऑगस्टस हेच असले पाहिजे. ३८ विजय, ३४ पराभव आणि ६ बरोबरी, एवढेच वाचले तर हा मनुष्य पोटासाठी मार खाणारा कोणी असावा असे वाटेल. परंतु आपल्याला सर्वांत कठीण गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल बोलताना जगज्जेत्या फ्लॉइड मेवेदरने याच माणसाचे नाव घेतलेले आहे, आणि मेवेदर दुसऱ्याची स्तुती करण्यात किती कंजूष आहे हे आपण जाणताच.

ती लढत ऑक्टोबर २००० मध्ये डेट्रॉइटला झाली. ऑगस्टस त्या वेळी इमॅन्युएल बर्टन या नावाने लढत असे. तो रिंगमध्ये अक्षरशः नाचायचा: खांदे सैल सोडलेले, हात कळसूत्री बाहुलीसारखे लोंबते, आणि मध्येच अशी एक गिरकी की समोरच्याला हसावे की मारावे हे कळू नये. हा सगळा पोरखेळ आहे असा प्रेक्षकांचा समज होई. वास्तविक ठोसा कोणत्या तालावर येणार याचा अंदाज मोडून काढणे, हा त्या नाचाचा उपयोग होता. अपराजित असलेल्या मेवेदरच्या नाकातून त्या रात्री रक्त आले. नवव्या फेरीत ऑगस्टसच्याच कोपऱ्यातून टॉवेल, म्हणजे माघारीची खूण, आला आणि लढत थांबली, त्यामुळे नोंदीत ती केवळ आणखी एक हार म्हणून राहिली. पुढच्याच वर्षी मिकी वॉर्डविरुद्ध तो गुणांवर हरला, आणि ‘द रिंग’ मासिकाने त्या लढतीला २००१ ची सर्वोत्तम लढत ठरवले. म्हणजे ज्या दोन लढतींमुळे आज त्याचे नाव निघते, त्या दोन्ही त्याच्या पराभवांच्या रकान्यात आहेत.

२००४ मध्ये मिशिगनमध्ये तिथल्याच कोर्टनी बर्टनविरुद्ध निकाल त्याच्या विरोधात गेला, तेव्हा समालोचक टेडी ॲटलस थेट प्रक्षेपणात अक्षरशः संतापले होते. ती लढत मी दोनदा पाहिली आहे आणि कोर्टनी बर्टनला विजयी ठरवणाऱ्या गुणपंचांनी नेमके काय पाहिले, हे मला अजून उमगलेले नाही.

तालमीतला_मुकुंद

वरील उत्तर योग्यच आहे, पण हे पराभव साचतात कसे हेही सांगायला हवे. आपल्याकडे जत्रेच्या कुस्तीत निकाली कुस्ती म्हटली की पाठ टेकली की नाही हे साऱ्या गावाला दिसते. बॉक्सिंगमध्ये मात्र समोरचा आडवा झाला नाही, तर रिंगभोवती बसलेले तीन जण निकाल देतात, आणि लढत बहुधा अशा प्रवर्तकाने भरवलेली असते ज्याचा उगवता मल्ल दुसऱ्या कोपऱ्यात उभा असतो. परगावचा बॉक्सर अनेकदा ऐन वेळी बोलावलेला असतो. घाईघाईने वजन उतरवून तो तराजूवर उभा राहतो आणि त्याच्या वाट्याला येणारी रक्कमही बेताचीच असते.

जमैकात जन्मलेला ग्लेन जॉन्सन हे याचे उत्तम उदाहरण. १९९७ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सकडून हरण्यापूर्वी तो ३२ लढतींत अपराजित होता. त्यानंतर जिथे बोलावणे येईल तिथे, बहुतेक वेळा समोरच्याच्या अंगणात, तो लढत राहिला आणि गुणांवर हरत राहिला. ‘रोड वॉरियर’ हे टोपणनाव त्यातूनच आले. सप्टेंबर २००४ मध्ये मेम्फिसला त्याने माजी जगज्जेत्या रॉय जोन्सला नवव्या फेरीत असे पाडले की जोन्स कितीतरी वेळ पाठीवरच पडून होता. हा आंधळा ठोसा नव्हता. पहिल्या फेरीपासून जॉन्सन त्याला दोरांकडे रेटत होता, हातांवर, खांद्यांवर, बरगड्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे मारत होता, आणि गुणांवरही पुढेच होता. डिसेंबरमध्ये त्याने अँटोनियो टार्व्हरलाही हरवले. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर २१ पराभव होते.

स्पष्टवक्ता_सदाशिव

थोडा विरोधी सूर लावतो. जो जो पुष्कळ हरला तो तो छुपा वाघ, असा समज करून घेऊ नये. ब्रिटनचा पीटर बकली ३०० लढती लढला आणि त्यांपैकी २५६ हरला. बचावात तो तरबेज होता, तरुण बॉक्सरला धडा देऊन स्वतः धडधाकट घरी जाण्याची कला त्याला साधली होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याची धास्ती कोणी घेतली नसावी.

धास्ती घ्यावी असा माणूस म्हणजे डार्नेल बून. त्याचे विजय आणि पराभव जवळपास सारखेच आहेत. तरीही पुढे अपराजित निवृत्त झालेल्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या आंद्रे वॉर्डला त्याने २००५ मध्ये खाली पाडले होते. २०१० मध्ये त्याने अडोनिस स्टीव्हन्सनला दुसऱ्या फेरीत गारद केले, आणि त्याच वर्षी सर्गेई कोवालेव त्याच्याविरुद्ध विभागलेल्या निर्णयावर (तीनपैकी दोनच गुणपंचांच्या कौलावर) जेमतेम सुटला. पुढे हे तिघेही जगज्जेते झाले. बूनला जागतिक किताबाची लढत कधी मिळाली नाही.

आणि ऑर्लांडो सालिडो. पंधराव्या वर्षी व्यावसायिक झालेला हा मेक्सिकन मार्च २०१४ मध्ये सॅन अँटोनियोत वासिल लोमाचेंकोसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या नावावर १२ पराभव होते. समोर दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, हौशी लढतींत ३९६ विजय आणि एकच पराभव. जिंकला सालिडो.

कोथरूडचा_जॅब

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बूनचे नाव मी प्रथमच ऐकले. सालिडोची लढत काल रात्री पाहिली, पण एक शंका आहे. त्याने वजन पाळले नव्हते आणि कमरेखाली कितीतरी ठोसे मारले. मग हा विजय धोकादायकपणाचा पुरावा कसा?

स्पष्टवक्ता_सदाशिव

शंका रास्त आहे. वजन न पाळल्याने त्याचा किताब तराजूवरच गेला होता, आणि कमरेखालच्या ठोशांकडे पंचाने डोळेझाक केली, हे मान्यच करायला हवे. परंतु आपण पहिल्या सहा-सात फेऱ्या पुन्हा पाहाव्यात आणि लोमाचेंकोच्या पायांकडे लक्ष द्यावे. त्याला बाजूला सरकून कोन काढायचा असतो, आणि सालिडो दर वेळी छातीला छाती भिडवून ती जागाच शिल्लक ठेवत नाही. आपल्या व्यायामशाळेतल्या त्या गृहस्थांनी आपला खांदा वाचला, तसेच सालिडोने ते पाऊल वाचलेले आहे. बाराव्या फेरीत लोमाचेंकोने त्याला हलवून सोडले खरे, पण तोवर गुण निघून गेले होते.

जाता जाता एक सुचवतो: पुढच्या स्पारिंगला जॅब सोडू नका. दोन जॅब नुसते खांद्याने दाखवा आणि तिसरा मारा, मग ते काय करतात ते इथे कळवा.