मदत हवी आहे: साथ आली की गावाच्या सीमा बंद करायचा ठराव ग्रामपंचायतीला करता येतो का? (जि. नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्याकडे गाव आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने करायचं काम चालू आहे. पूर, वीज पडणे, आग, बिबट्या हे सगळं लिहून झालं. गाडी अडलीय ती साथरोगाच्या पानावर. मसुद्यात एक ओळ आली आहे: "साथीच्या काळात गावाच्या सर्व सीमा तात्काळ बंद करण्यात येतील व बाहेरील व्यक्तीस प्रवेश दिला जाणार नाही." येत्या ग्रामसभेत ती मंजुरीला येणार. माझा तिला विरोध आहे. पण "मला पटत नाही" एवढं म्हटल्याने कोणी ऐकणार नाही, कायद्याचा आधार हवा. म्हणून हा धागा.

२०२० च्या मार्चअखेरीला आमच्या गावाने हेच केलं होतं. ओढ्यावरच्या फरशीपुलावर ट्रॉली आडवी लावली, दुसऱ्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, तिसरा जेसीबीने खणला. आंब्याखाली बाकडं टाकून पोरं वही घेऊन बसायची. कोणी सांगितलं, कोणत्या आदेशाने, हे कोणाला विचारायची सोय नव्हती. भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण माझ्या जावेला कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ ची गाडी खणलेल्या रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. आडवी लावलेली ट्रॉली ओढायच्या ट्रॅक्टरची चावी ज्याच्याकडे होती तो मळ्यात गेलेला. शेवटी चौघींनी तिला धरून चरातून पलीकडे नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, म्हणून गावात तो विषय कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. आमच्याच गावातली काही आदिवासी कुटुंबं निफाडकडे द्राक्षाच्या खुड्याला गेली होती. काम थांबलं तशी लेकरंबाळं घेऊन चालत परत आली. ही माणसं बाहेरची नव्हती. रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं. त्यांना वेशीवर अडवलं आणि माळावरच्या पडीक शेतात ठेवलं. तपासणी नाही, डॉक्टर नाही, बांधावर पाण्याच्या घागरी ठेवून यायचे. त्याच काळात द्राक्षाच्या पिकअप मात्र परवान्यावर गावातून जात-येत होत्या, ड्रायव्हरला कोणी क्वारंटाइन केलं नाही. माल जाऊ द्यायला हवा होताच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या हातांनी तो माल खुडला त्यांना घरी येऊ देऊ नये, हा कुठला न्याय?

माझ्या वाचनात आलं ते असं. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये देशभर फिरायचं आणि कुठेही राहायचं स्वातंत्र्य आहे, त्यावर सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. त्याच उपकलमात अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठीही निर्बंध घालता येतात असं आहे. यावरून एक सदस्य म्हणतात की आदिवासी गावाला बाहेरच्यांना रोखायचा खास अधिकार आहे. दुसरे म्हणतात, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाला "आवश्यक ते इतर उपाय" करता येतात, म्हणजे आपल्याला सगळी मोकळीक.

हे बरोबर आहे का? सीमा बंद करायचा अधिकार नेमका कोणाकडे असतो? आणि आपल्याच माणसाला गावात येण्यापासून कोणी रोखू शकतं का? कृपया जाणकारांनी सांगावं. ग्रामसभा जवळ आली आहे.

प्रतिसाद

गोदाकाठचा वकील:
ताई, प्रश्न चांगला मांडलात. कलम ४१ अर्धं वाचू नका. त्यात स्थानिक प्राधिकरणाने जिल्हा (आपत्ती व्यवस्थापन) प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन राहून काम करायचं आहे. "इतर उपाय" म्हणजे मूलभूत हक्क आवळायचा परवाना नाही. हक्कावर बंधन घालायचं तर कायद्याने तो अधिकार स्पष्ट दिलेला असावा लागतो. तो स्पष्ट अधिकार त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाला आहे: बाधित क्षेत्रात येणारी-जाणारी वाहतूक आणि माणसांचा प्रवेश, वावर, बाहेर पडणं यावर नियंत्रण. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. राज्य पातळीवर तसेच अधिकार कलम २४ खाली आहेत. २३ मार्च २०२० ला जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या त्या राज्य शासनाच्या निर्णयाने, कुठल्या गावाच्या ठरावाने नाही.

उलट, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ उघडून पाहा. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचे अधिकार पंचायतीला आहेत. जिला अडथळा काढायचा तिनेच रस्ता खणायचा, हे कसं चालेल? शिवाय हक्काच्या वाटेवरून जाणाऱ्याला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे आणि सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं कलम २८५ खाली.

१८९७ चा साथरोग कायदाही बघा. मुंबई इलाख्यात प्लेग आला तेव्हा केलेला. इंग्रजांचा कायदा, अंमलही कठोर. तरी त्याच्या कलम २ मध्ये विशेष उल्लेख आहे तो रेल्वेने किंवा इतर मार्गांनी प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा. तपासा, वेगळं ठेवा, सोय करा. माळावर सोडून द्या असं कुठे नाही.

पेठचा आरोग्यसेवक:
वकीलसाहेब, कायदा मान्य. पण त्या दिवसांत मी पाड्यांवर होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनची सोय नाही, नाशिकच्या सिव्हिलला जायचं तर घाट ओलांडायचा. मालेगावात एप्रिल-मेमध्ये रुग्ण झपाट्याने वाढत होते, मुंबईहून माणसं कसारा घाट चढून पायी येत होती. अशा वेळी म्हाताऱ्यांनी भरलेल्या पाड्याने वाट अडवली, तर त्यांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. बाहेरून येणं कमी झालं त्यामुळे आम्हाला तयारीला वेळ मिळाला, हेही खरं.

धागाकर्ती:
दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. गुन्हेगार मीही म्हणत नाही. पण वेळ मिळाला तो कोणाच्या जिवावर? ज्यांना माळावर ठेवलं त्यांच्यातही म्हातारी माणसं होती. शाळा रिकामी होती, तिथे ठेवता आलं असतं. आशाताई रोज डोकावून आली असती.

सुरगाणेकर:
ताई, मी त्या चालत आलेल्यांपैकीच एका घरातला. वणीपर्यंत पोलिसांनी अडवलं नाही, दोन ठिकाणी खायलाही दिलं. अडवलं ते गावाने. पोलिसाला कागद दाखवता येतो, चुलत्याला काय दाखवणार? आमच्यात एकाकडेच साधा मोबाइल होता. पुढे जिल्ह्याबाहेर प्रवासाचा ई-पास आला तो ऑनलाइन, त्यात फोटो, कागदपत्रं जोडायची. ज्यांच्याकडे गाडी आणि अँड्रॉइड फोन त्यांच्यासाठी तो पास होता. तुमच्या ठरावात एवढं नक्की लिहा की गावचा माणूस परत आला तर त्याला गावातच जागा मिळेल.

गोदाकाठचा वकील:
सुरगाणेकर, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. ई-पासचंच बघा. केंद्राच्या २९ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत राज्याअंतर्गत आणि आंतरराज्य प्रवासाला वेगळ्या परवानगीची किंवा पासची गरज नाही असं स्पष्ट होतं. २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पुन्हा पत्र लिहिलं. आपल्याकडे खासगी गाडीचा ई-पास गेला तो २ सप्टेंबरपासून. मधल्या काळात, २० ऑगस्टपासून, एसटी जिल्ह्याबाहेर सुटली होती आणि तिला पास लागत नव्हता. म्हणजे महामार्गावरून नाशिकहून धुळ्याला एसटीत इतरांसोबत बसून गेलात तर चालत होतं, स्वतःच्या गाडीत नवरा-बायको गेलात तर पास हवा. विषाणूला एसटी आणि मोटार यातला फरक कळतो असं समर्थन कोणत्याही कोर्टात टिकणं अवघड. राज्यघटनेच्या कलम १४ चा, समान वागणुकीचा, प्रश्न इथेच उभा राहतो.

आपल्या शहरातही झालं की. मार्च २०२१ अखेरीला नाशिकच्या मुख्य बाजारपेठेत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती होती, तासाभरासाठी. गर्दी कमी करायचा हेतू चांगला, पण हातावर पोट असलेल्यालाच ते पाच रुपये आणि तो तास जड जातो.

निर्बंध वाजवी आहे का हे तपासायची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात नीट मांडली आहे. तो निकाल काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा आणि जमावबंदीचा, पण तत्त्व इथेही लागू पडतं. आदेश लेखी हवा, प्रसिद्ध हवा, त्यात कारण हवं, आणि कमी जाचक उपायाने भागत असेल तर जास्त जाचक उपाय चालणार नाही. तुमच्या गावच्या वहीत यातलं काय होतं?

अनुसूचित जमातींच्या हिताचा मुद्दा काढणाऱ्या सदस्यांना सांगा की तो निर्बंधही कायद्यानेच घालावा लागतो. आणि तुमच्या उदाहरणात वेशीवर अडवलेली माणसंच आदिवासी होती. त्यांच्या रक्षणाची तरतूद त्यांच्याच विरोधात कशी वापरणार?

मेलबर्नवासी नाशिककर:
थोडी भर घालतो. ऑस्ट्रेलियात उलटा निकाल आला होता. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिल २०२० ला इतर राज्यांसाठी दार लावलं ते पूर्णपणे उघडलं ३ मार्च २०२२ ला. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या कलम ९२ मध्ये राज्याराज्यांतलं दळणवळण "पूर्ण मुक्त" असेल असं लिहिलेलं असूनही ६ नोव्हेंबर २०२० ला हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, बंदी वैध ठरवली. पण आधी फेडरल कोर्टात तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या होत्या. सीमा बंद ठेवल्याने संसर्ग खरंच रोखला जातो का, तपासणी किंवा मास्क तेवढेच परिणामकारक आहेत का, यावर. पुरावा तपासून निकाल लागला. तरीसुद्धा कित्येकांना मरणाऱ्या आईबापांना भेटता आलं नाही, आणि त्याचं शल्य आजही लोक बोलून दाखवतात. वैध होतं म्हणून न्याय्य होतं असं मी तरी म्हणणार नाही.

धागाकर्ती:
आपल्याकडे असं प्रकरण कोर्टात गेलं होतं का?

गोदाकाठचा वकील:
गेलं होतं. २०२० च्या मार्चअखेर कर्नाटकने केरळच्या कासरगोडकडून येणारे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले. कासरगोडची माणसं मोठ्या उपचारांसाठी नेहमी मंगळुरूला जातात. रुग्णवाहिका अडल्या, माणसं दगावली. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने केंद्राला अडथळे हटवायला सांगितलं. तातडीच्या उपचारासाठी जाणाऱ्याला अडवणं हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, अशी भूमिका घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे ७ एप्रिलला रुग्णांना सोडायची पद्धत दोन्ही राज्यांत ठरल्याचं सांगण्यात आलं आणि ते निकाली निघालं. तुमच्या जावेची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. ग्रामसभेत दोन्ही सांगा.

अधिकारांची वाटणीही लक्षात ठेवा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आंतरराज्य क्वारंटाइन केंद्राच्या यादीत आहे, सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत, आणि एका राज्यातून दुसऱ्यात साथ पसरू न देणं समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, यादीत. ग्रामपंचायतीचं काम माणसाची काळजी घेण्याचं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून त्या ओळीच्या जागी हा मजकूर लिहिला, तपासून द्या:

"साथीच्या काळात गावात येण्या-जाण्यावरील निर्बंध जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच लागू होतील. आदेशाची प्रत व त्याची मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जाईल. कोणताही रस्ता खणला जाणार नाही. रुग्ण, गरोदर स्त्री, रुग्णवाहिका, दूध व शेतमाल यांना अडवले जाणार नाही. गावातील रहिवासी कोठूनही परत आल्यास त्यास प्रवेश नाकारला जाणार नाही. आवश्यकता भासल्यास त्याची राहण्याची, पाण्याची, शिध्याची व आरोग्य तपासणीची सोय ग्रामपंचायत गावातील शाळेत करील."

पेठचा आरोग्यसेवक:
चांगलं झालंय. "शाळेत" च्या पुढे "किंवा समाजमंदिरात, स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली व शौचालयासह" घाला. आमच्याकडे बायकांचे सगळ्यात जास्त हाल याच कारणाने झाले. आणि तपासणी कोण करणार तेही लिहा, आशा व आरोग्यसेविका. नाव नसलं की काम कोणाचंच नसतं.

सुरगाणेकर:
"रहिवासी" म्हणजे कोण ते स्पष्ट करा. हंगामी कामाला वर्षातले सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्याला "हा आता इथला राहिला नाही" म्हणणारे आहेत. रेशनकार्ड, मतदार यादी किंवा घरपट्टी, यापैकी एक असलं तरी पुरे, असं लिहा. आणि उलट बाजूने, आपल्या मळ्यात बाहेरगावचे मजूर कामाला असतील तर त्यांना हाकलू नका, त्यांचीही सोय धरा.

गोदाकाठचा वकील:
दोघांच्या सूचना घ्या. माझी एकच: "मुदत" च्या पुढे "मुदत संपताच निर्बंध आपोआप संपतील" हे जोडा, म्हणजे कोणी काढायचं विसरलं तरी बाभळी रस्त्यात पडून राहणार नाहीत. ठरावाची एक प्रत तहसीलदारांकडे आणि एक पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. ग्रामसभेत कोणी कलम ४१ काढलं तर आधी "जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन" हे शब्द मोठ्याने वाचायला लावा.

धागाकर्ती:
हो, दुरुस्त्या करून आज ग्रामसेवकांकडे देते. माळावर राहिलेल्या कुटुंबातल्या दोन बायका ग्रामसभेत स्वतः बोलायला तयार झाल्या आहेत. पुढे काय झालं ते इथेच लिहीन.