ग्वाल्हेर किल्ला: संग्रहालय शुक्रवारी बंद की सोमवारी?

प्रश्न (भुसावळ): पंजाब मेलनं ग्वाल्हेरला जायचंय. सोबत म्हातारी आई. किल्ल्यातलं संग्रहालय कुणी म्हणतं शुक्रवारी बंद, कुणी म्हणतं सोमवारी. नक्की काय?

जळगाव: दोन्ही खरं, भाऊ. संग्रहालयंच दोन आहेत. वर हाथी पोल या किल्ल्याच्या दरवाजाजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, ते शुक्रवारी बंद. नरेसर, बटेश्वर, पढावलीची शिल्पं तिथं. खाली गुजरी महालातलं राज्य सरकारचं, ते सोमवारी बंद. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे दगडातली स्त्रीमूर्ती, खालीच आहे. लोक वरच शोधत बसतात!

धुळे: आईंना ग्वाल्हेर दरवाजानं चढवू नका. तो चढ पायीच, आणि खडा. गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं वर जाते. वाटेत कातळातल्या जैन मूर्ती दिसतात. गाडी सोडू नका, उतरताना तीच लागेल. गुजरी महाल पूर्वेच्या पायथ्याला, म्हणजे गाडीनं वळसा घालूनच.

जळगाव: धडधाकट माणसानं मात्र हाथी पोलमधून पायीच उतरावं. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेत. अक्षरं बारीक, बॅटरी ठेवा. संग्रहालयात फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही.