‘घृणा’ आणि ‘निर्घृण’ यांचा मेळ कसा लागतो?

प्रश्न: ‘घृणा’ म्हणजे तिटकारा असेल, तर ‘निर्घृण’ म्हणजे ज्याला तिटकारा नाही असा, असे व्हायला हवे. मग वर्तमानपत्रे ‘निर्घृण खून’ असे का लिहितात?

प्रतिसाद १: संस्कृतात ‘घृणा’ या शब्दाला दया आणि किळस असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने नाम घेताना किळसेचा अर्थ ठेवला, पण ‘निर्घृण’ या तयार विशेषणात दयेचा अर्थ तसाच राहून गेला. म्हणून निर्घृण म्हणजे निर्दय.

प्रतिसाद २: वरील खुलासा योग्यच आहे. मात्र बोलताना ‘घृणा’ फारसे कोणी म्हणत नाही (निदान आमच्या घरी तरी नाही). पाल ताटाजवळून सरपटत गेली की किळस येते, तुंबलेल्या गटाराच्या वासाने शिसारी येते, आणि हांजी हांजी करणाऱ्यांचा तिटकारा येतो. म्हणजे पहिल्या दोन शब्दांत शरीर आधी आक्रसते, तर तिटकाऱ्यात मन ठरवून दूर होते. रोज दुधीची भाजी खाऊन येतो तो ‘वीट’, आणि हा शब्द पुल्लिंगी आहे. भिंतीतली वीट मात्र स्त्रीलिंगी.

प्रतिसाद ३: ‘मी त्याची घृणा करतो’ ही रचना मला हिंदी वळणाची वाटते. मराठीत घृणा वाटते. करायचा तो तिरस्कार.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘किळसवाणा’प्रमाणे ‘तिटकारा’पासून विशेषण होते का?

प्रतिसाद २: ‘तिटकारा आणणारा’ असेच लिहावे लागते.